सुगंधाची टाच

सुगंधा आमच्या घरी आली ती एका मुक्कामापुरती, आणि राहिली दीड वर्ष. कॉलेजच्या मैदानावर खो-खोचा सराव संपेपर्यंत दिवस मावळायचा आणि गव्हाणकडे जाणारी तिची शेवटची एसटी त्याआधीच निघून गेलेली असायची. पहिल्या दिवशी मी तिला घरी घेऊन आले तेव्हा आईने दारातूनच विचारलं, "जेवणार ना ग?" आणि उत्तराची वाट न बघता धुतलेल्या तांदळात आणखी एक मूठ टाकायला वळली. दुसऱ्या आठवड्यात सुगंधाची कापडी पिशवी आमच्या खुंटीवर कायमची लागली. दिवाळीनंतर तर ती फक्त शनिवारी दुपारी गावी जायची आणि सोमवारी पहिल्या गाडीने थेट कॉलेजात यायची.

आमचं घर म्हणजे तळ्यामागच्या एका दुमजली इमारतीतल्या दोन खोल्या, पुढे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांब गॅलरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. पुण्याहून बदली होऊन आम्ही पनवेलला आलो होतो. मी एकुलती एक, त्यामुळे घरात माणसांपेक्षा वस्तूच जास्त बोलायच्या. सकाळी आई स्टोव्हला पंप मारायची त्याची खसखस, मग ज्योत धरल्यावरची भरदार घरघर, पलीकडच्या भाताच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की फळीवरच्या भांड्यांची किणकिण, आणि नेमका निघायच्या वेळी अण्णांचा "माझी छत्री कुठे आहे?" हा पुकारा, बाराही महिने. सुगंधा आली आणि या सगळ्यावर तिचं हसणं चढलं. ते गॅलरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. आई "हळू ग, शेजारी काय म्हणतील" असं दटावायची आणि दटावता दटावता स्वतःच हसायची.

तिची आई सोमवारच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून सुकट, कधी बोंबील पाठवायची. सोबत निरोप, "पाला खाऊन पोर खेळनार कशी?" माझी आई पक्की शाकाहारी. पहिल्यांदा ती पुडी उघडली तेव्हा तिने पदर नाकाला लावला. मग तिनेच तोडगा काढला. गॅलरीच्या टोकाला एक जुनी शेगडी, वेगळा तवा, वेगळी ताटली. सुगंधा तिथे उकिडवी बसून सुकट भाजायची, त्यावर कांदा आणि चिंचेचा कोळ घालायची, आणि तो वास आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बंद दारांतून आत जायचा. तांदळाची भाकरी मात्र आईच्याच ओट्यावर व्हायची. उकड कशी काढायची, पाण्याच्या हाताने भाकरी कागदासारखी पातळ कशी थापायची, हे आई सुगंधाकडून शिकली, आणि पुढे आयुष्यभर ती भाकरी स्वतःची म्हणून पाहुण्यांना वाढत राहिली. महिन्याभराने आम्हाला शोध लागला की जेवणानंतर 'जरा हवेवर' म्हणून गॅलरीत जाणारे अण्णा त्या वेगळ्या ताटलीतले चार घास खाऊन येत होते. आईला ते आमच्या आधीच कळलं होतं. ती त्यांना फक्त म्हणाली, "चूळ भरून या."

मी कॉलेजच्या संघाची कप्तान होते. कप्तान म्हणजे संघातली सगळ्यात चांगली खेळाडू असं लोकांना वाटतं. मी बोलण्यात चांगली होते, खेळाच्या पाटकर सरांना इंग्रजी पत्रं लिहून द्यायचे, मुलींना वेळेवर मैदानात आणायचे. खेळ होता तो सुगंधाचा. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आम्ही आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने उकिडव्या बसलेल्या असायचो, नववी पळतीचा पाठलाग करायची, आणि पाठीवर थाप देऊन "खो" म्हटलं की बसलेलीने उठून सुटायचं. ही साधी गोष्ट सुगंधा अशी करायची की बघणाऱ्याला ती उठलेली दिसायचीच नाही. आता बसलेली आहे आणि आता चार पावलं पुढे आहे, एवढंच कळायचं. सर म्हणायचे, "हिच्या टाचेत स्प्रिंग आहे." खरंच होतं ते. सगळा जोर तिथूनच यायचा.

त्या वर्षी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी उपक्रमाचा महिला संघ नव्याने उभा राहत होता, आणि त्यांची माणसं आमच्या जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला मुली बघायला येणार होती. निवड झाली म्हणजे कायमची नोकरी. सुगंधाचे आई-वडील मिठागरावर काम करायचे, एक थोरला भाऊ, तिच्या पाठच्या तीन बहिणी. तिने मला एकदा तळ्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं होतं, "मना नोकरी लागली ना विजू, तर मी आयला मिठात उतरू देनार नाय. तिचे तळवे बगितलेस का तू?" मी बघितले नव्हते. मला स्वतःला ती नोकरी हवी होती ती वेगळ्या कारणाने. बी.कॉम. झाल्याबरोबर माझं लग्न करायचं असं घरात ठरत आलं होतं. नोकरी लागली तर ते लांबणार होतं, एवढंच माझं स्वप्न. आणि मला पक्कं ठाऊक होतं की सुगंधा नसेल तर आम्ही अंतिम फेरीत जाणार नाही, आणि अंतिम फेरीत नसलो तर मला बघायला कोणी येणार नाही. हे मी आज इतक्या सरळ लिहू शकते. तेव्हा मनातल्या मनातसुद्धा असं मांडलं नव्हतं.

तिचं दुखणं मला आधी ऐकू आलं, दिसलं नंतर. सकाळी उठून ती गॅलरीच्या टोकाच्या नळाकडे जायची. पहिली पंधरा-वीस पावलं एक पूर्ण आणि एक अर्धं अशी पडायची, डाव्या पायाचं अर्धं. नळापर्यंत पोचता पोचता चाल सरळ व्हायची. विचारलं तर म्हणायची, "नवीन बूट लागलेत." मैदानावर अंग तापलं की ती नेहमीसारखी पळायची, म्हणून मीही विसरून जायचे. पण सराव संपून घरी आल्यावर ती बादलीत पाय सोडून बसायला लागली. आईने हळद-मिठाचा लेप लावला, रुईची पानं बांधली, वीट तापवून शेक दिला. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि सकाळी पुन्हा तेच. जानेवारीत टाचेच्या वर दोन बोटांवर शीर जाड झालेली हाताला लागायला लागली. चपलेचा मागचा पट्टा तिला सहन होईना.

तेव्हा मी तिला नाना डॉक्टरांकडे घेऊन गेले. नाना म्हणजे साठी उलटलेले, पांढऱ्या लेंग्यात बसणारे, अर्ध्या गावाला एकेरी हाक मारणारे डॉक्टर. त्यांनी तिला टेबलावर पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली, आणि आधी चांगला पाय तपासला. मग डाव्या पायाची टाचेमागची शीर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हळूहळू वर सरकत गेले. एका जागी सुगंधाचं अख्खं अंग उडालं. "इथेच," नाना म्हणाले. त्यांनी तिला पाऊल वर-खाली करायला लावलं आणि माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. आतून बारीक करकर जाणवत होती, कोरं चामडं चामड्यावर घासावं तशी.

"सकाळी उठल्यावर जास्त दुखतं?"

"हां."

"पळायला लागलं की कमी होतं, आणि मग बसलं की दुप्पट?"

"तुमाला कसा कलला?" सुगंधा मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"पोटरीचा सगळा जोर या एका दोरीतून टाचेला येतो," नाना म्हणाले. "तू ती रोज ताणतेस, रोज थोडीशी उसवते, आणि सांधायला तू तिला वेळ देत नाहीस." एवढं बोलून ते लिहायला बसले. तेवढ्यात एक बाई कपाळ फुटलेल्या मुलीला उचलून आत आली, मुलीचा फ्रॉक रक्ताने भरलेला. नाना उठले. चिठ्ठी माझ्या हातात देत म्हणाले, "सगळं लिहिलंय. विजू, तू हिला नीट वाचून सांग, आणि तुमच्या सरांना दाखव. एक शब्दही गाळू नकोस." आणि पडद्याआड गेले.

दवाखान्याच्या पायरीवर आम्ही थांबलो. सुगंधा गावच्या मराठी शाळेत शिकलेली, आणि त्यात ते डॉक्टरचं इंग्रजी अक्षर. तिने माझ्या खांद्यावरून चिठ्ठीत पाहिलं आणि विचारलं, "काय लिवलाय?"

चिठ्ठीत लिहिलं होतं की तीन महिने पळणं आणि उड्या पूर्ण बंद. दोन्ही चपलांत टाचेखाली जाड घडी घालायची म्हणजे शिरेवरचा ताण कमी होईल. रोज दुखतं तिथे फडक्यात गुंडाळून बर्फ. ठणका ओसरला की जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली सोडायच्या, रोज, थोड्या थोड्या वाढवत. जोराने चोळायचं नाही. आणि शेवटची ओळ खाली रेघ मारून, की या जागी इंजेक्शन कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये, दुखणं थांबेल पण शीर कमजोर होऊन तुटू शकते.

सामन्याला सहा आठवडे होते. मी घडी वाचली, बर्फ वाचला, पायरी वाचली, चोळायचं नाही हेही वाचलं. आणि म्हणाले, "तीन आठवडे विश्रांती."

"तीन आटवडे? मंग जमंल," सुगंधा म्हणाली आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी तिच्या भल्याचंच केलं. शेवटची ओळ मी वाचलीच नाही. इंजेक्शनचा विषय तेव्हा कोणी काढलाही नव्हता, मग कशाला घाबरवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. चिठ्ठी घडी करून पुस्तकात ठेवली. सरांना दाखवली नाही.

सगळ्यात वाईट याचं वाटतं की उपाय लागू पडत होता. ते तीन आठवडे सुगंधाने एक दिवस चुकवला नाही. आईने जुन्या चादरीच्या घड्या शिवून तिच्या चपलांत बसवल्या. बर्फ समोरच्या सोडावॉटरवाल्याकडून यायचा. आणि संध्याकाळी ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभी राहायची, चवडे पायरीवर, टाचा हवेत, आणि आई खाली डाळ निवडत बसून मोजायची, "सहा... अग किती घाई, सावकाश सोड... सात." तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नळाकडे जाताना तिची पावलं जवळजवळ सारखी पडायला लागली होती. आणखी नऊ आठवडे ती पायरीवर उभी राहिली असती तर ती बरी झाली असती. मला आज हे फिजिओथेरपिस्टच्या तोंडून कळलं आहे, पण तेव्हाही ते चिठ्ठीत लिहिलेलं होतंच.

ती मैदानात परतली आणि पाचव्या दिवशी दुखणं पहिल्यापेक्षा वाढून परतलं. उपान्त्य सामना आम्ही कसाबसा जिंकलो, तिला खांबाजवळ बसवून. अंतिम सामन्याला आठवडा उरला होता. पाटकर सर वाईट माणूस नव्हते, त्यांनाही मुलींना नोकऱ्या लागलेल्या बघायच्या होत्या. ते म्हणाले, हायवेकडच्या एका डॉक्टरकडे एक इंजेक्शन मिळतं, दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो, त्यांच्या ओळखीच्या एका कबड्डीपटूने घेतलं होतं. सुगंधा मला बाजूला घेऊन आली.

"घेऊ का गो? नानांनी तसा काय लिवला व्हता?"

मी क्षणभरसुद्धा थांबले नाही. "नाही. त्यांनी त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

गेल्या चाळीस वर्षांत मी या वाक्याला पुष्कळ कारणं जोडून पाहिली आहेत. वय लहान होतं, माहिती नव्हती, सरांवर विश्वास होता. त्यातलं माहिती नव्हती हे तर उघड खोटं. माहिती माझ्याच पुस्तकात घडी घालून ठेवलेली होती.

शनिवारी इंजेक्शन झालं. ती गावी जाऊन सोमवारी आली ती हसतच. गॅलरीतून नळापर्यंत पळत गेली आणि पळत परत आली, आईला दाखवायला. "काकू, बगा! काय सुदा दुखत नाय!" आईने तिच्या हातावर गूळ ठेवला.

अंतिम सामना सकाळी होता. मंडपात मुंबईची ती माणसं खुर्च्यांवर बसली होती, एक बाई आणि दोन पुरुष, मांडीवर वह्या. पहिल्या डावात सुगंधाने चार जणींना बाद केलं. त्या बाईने शेजारच्याला कोपराने ढोसून तिच्याकडे बोट दाखवलेलं मी पाहिलं. दुसऱ्या डावात पळती माझ्या हातून निसटून खांबाकडे वळली आणि सुगंधा माझ्या पुढ्यात बसलेली होती. मी तिच्या पाठीवर थाप दिली आणि ओरडले, "खो!" ती उठली, पहिलं पाऊल टाकलं, आणि लाकडी पट्टी बाकावर आपटावी तसा आवाज झाला. मला तो नीट ऐकू आला. ती हातांवर पडली. नियमाप्रमाणे मी तिच्या जागेवर बसत होते, म्हणजे तिच्या अगदी मागे. तिने पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. नवल वाटल्यासारखी बघत होती.

"लाथ का मारलीस मना?"

"मी नाही मारली," मी म्हणाले. "सुगंधा, मी नाही मारली ग."

आज मला माहीत आहे की ही शीर तुटली की जवळजवळ प्रत्येकाला असंच वाटतं, मागून कोणीतरी लाथ मारली. डॉक्टर मंडळी त्यावरूनच ओळखतात. तेव्हा मात्र मैदानावर कोणालाच कळलं नाही. दवाखान्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने तिला पाऊल हलवायला सांगितलं, तिने थोडंसं हलवलं, म्हणून त्याने पाय मुरगळला असं सांगून पट्टी बांधली. तिचा भाऊ येऊन तिला गव्हाणला घेऊन गेला. सामना आम्ही हरलो, पण मुंबईच्या लोकांना दोन मुली हव्या होत्या आणि त्यांतली एक मी ठरले. पत्र आलं त्या दिवशी आईने शिरा केला.

तीन आठवड्यांनी सुगंधाचा भाऊ तिला घेऊन नानांकडे आला तेव्हा मीही गेले. नानांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं मागे लोंबती ठेवून बसवलं. उजव्या पायाची पोटरी मुठीत दाबली, पाऊल टुणकन खाली गेलं. डावी पोटरी दाबली. पाऊल जागचं हललं नाही. पुन्हा दाबली. टाचेच्या वर बोट घातलं तर खड्डा लागत होता. नानांनी तिला सरळ बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तुटली आहे. पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं." मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं असं त्यांनी सुचवलं, भावाने घरी विचारून सांगतो म्हटलं, आणि घरच्यांनी नको म्हटलं. शेवटी चवडा खाली ताणून प्लास्टर घातलं, मग आठवड्या-आठवड्याने पाऊल वर आणत, मग उंच टाचेची चप्पल. शीर सांधली, पण लांब होऊन सांधली. पायात जोर राहिला नाही. त्या पायाच्या चवड्यावर ती पुन्हा कधीच उभी राहू शकली नाही.

त्या दिवशी भाऊ रिक्षा बघायला गेला आणि सुगंधा बाहेर बाकावर बसली, तेव्हा नानांनी मला आत थांबवलं. इंजेक्शनचं त्यांना भावाकडून कळलं होतं.

"चिठ्ठी वाचली होतीस?"

"हो."

"तिला सांगितली होतीस? शेवटची ओळ?"

मी नकारार्थी मान हलवली. नाना बेसिनवर हात धुवायला लागले, खूप वेळ धूत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सांगणार नाही. तू सांगायचं आहेस. आजच सांग."

मी बाहेर आले. सुगंधा म्हणाली, "काय बोल्ले?" मी म्हणाले, "काही नाही, काळजी घे म्हणाले."

तिने कॉलेज सोडलं. मी मुंबईला नोकरीला लागले, दोन वर्षं खेळले, मग टेबलावर बसले आणि बसल्या जागेवरून निवृत्त झाले. सुगंधाचं लग्न उलव्याकडे झालं, शेतं होती, पुढे ती शेतं विमानतळासाठी गेली आणि आता सुगंधा मुलाजवळ उलव्याला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. लग्नकार्यात भेटायचो. डाव्या पायाने लंगडत ती माझ्याकडे यायची आणि माझे दोन्ही हात धरायची. माझ्याइतकी जवळची मैत्रीण तिला दुसरी नव्हती, असं ती सुनेला सांगायची.

गेल्या वर्षी माझी स्वतःची टाच धरली. वयाने, वजनाने आणि चुकीच्या चपलांनी, असं नवीन पनवेलची माझी फिजिओथेरपिस्ट म्हणाली. विशीतली, हसरी मुलगी. तिने मला पालथं झोपवलं, शीर चिमटीत धरली, सकाळी जास्त दुखतं का विचारलं. टाचेखाली पॅड दिलं, पायरीवरचा व्यायाम शिकवला, वेळ लागेल पण बरं होईल म्हणाली. आणि निघताना म्हणाली, "आणि काकू, कोणी कितीही सांगितलं तरी या जागी इंजेक्शन घ्यायचं नाही हं." मी तिच्या टेबलावर बसून रडायला लागले. तिला वाटलं, मला फार दुखतंय.

त्याच आठवड्यात मी उलव्याला गेले. दुपारची वेळ, मुलगा-सून कामावर. बाहेर कुठल्यातरी नव्या इमारतीचं काँक्रीट चाललं होतं, त्या घरघरीत आम्हाला मोठ्याने बोलावं लागत होतं. सुगंधाने चहा ठेवला. मी ओट्याजवळ उभी राहून सगळं सांगितलं, दवाखान्याच्या पायरीपासून. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ती गाळणी हातात धरून ऐकत होती.

"मंजे नानांनी लिवला व्हता?"

"हो."

"इंजेक्शन घ्यायचा नाय, असा?"

"हो."

"तीन म्हैने?"

"हो, सुगंधा."

तिने गॅस बंद केला. मला वाटलं, ती आता ओरडेल. मी त्याची तयारी करून आले होते. ती ओट्याला टेकली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"आयनं चोळला व्हता माजा पाय. इंजेक्शन घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आयतवारी. खोबरेल गरम करून. मी वरडले तरी चोळत व्हती, बोल्ली आता पूर्न बरा करते. मंग शीर तुटली. मना वाटला, तिनंच तोडली. मी तिला तसा बोल्ले पन. तोंडावर बोल्ले." ती थांबली. "त्याच्या मागारी मी तिला माज्या अंगाला हात लावू दिला नाय. पयल्या बाळंतपनाला माहेरी गेले नाय. दुसऱ्या बी नाय. ती मरताना बोलावना आला, मी उशिरा निगाले."

"सुगंधा, मी माफी—"

"नको मागू." तिने गाळणी कट्ट्यावर ठेवली. "आता मी जाऊन तिला कसा सांगू?"

मग ती बाल्कनीत गेली आणि वाळलेले कपडे काढायला लागली. एकेक काढून, झटकून, तिथेच उभी राहून घड्या घालत राहिली. मी दहा मिनिटं वाट पाहिली. कपडे संपले तरी ती आत आली नाही. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले. मन हलकं व्हावं म्हणून मी गेले होते, हे रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं. माझ्यापाशी होतं ते मी तिच्या पदरात टाकून आले होते, आणि वर तिने आईवर घेतलेल्या खोट्या आळाचं ओझंही. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही करत नाही.

तिची आई त्या सामन्यानंतर वीसहून जास्त वर्षं जगली. नोकरी लागल्यावर मी गव्हाणला तिच्याकडे तीन-चारदा गेले होते, हातात मिठाईचा पुडा घेऊन. दर वेळी तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. एकदा ताटात भात वाढता वाढता ती मध्येच थांबली आणि तिने विचारलं, "बाय, तुमी शिकलेली मान्सा. तेल लावून चोळल्यानं शीर तुटते का गो?"

मी म्हटलं होतं, "मला काय माहीत, काकी. मी काय डॉक्टर आहे?" आणि ताट पुढे ओढून जेवायला लागले होते.